एकोणसत्तर, शहाण्णव

आमचा नंबर संपायचा एकोणसत्तरवर.
कीर्तिकर प्रसूतिगृहाचा शहाण्णववर.
बाकीचे आकडे तेच, त्याच क्रमाने.
एक्सचेंजात कुणीतरी ६ आणि ९
पाठीला पाठ लावून बसवले
आणि निम्म्या माहीमच्या बाळंतपणांची घंटी
आमच्या बाहेरच्या खोलीत वाजू लागली.

रात्री दोन-अडीचला बाबा कूस बदलत:
"तुझाच असेल."
आई काळोखात, चष्म्याशिवाय पोचायची.
"कळा किती मिनिटांनी येतायत?
घाबरू नका. राँग नंबर आहे, पण ऐका..."

आई पोस्टात सॉर्टर.
बाळंतपणाचा तिचा अनुभव म्हणजे मी
आणि माझ्या आधीचा एक,
ज्याच्याबद्दल घरात बोलत नसत.
तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता.

कापड बाजारातून पेढे यायचे.
वांजेवाडीच्या परेरांनी केक पाठवला.
मच्छीमार कॉलनीतून एकदा खेकडे आले,
पिशवीत चालणारे.
आकड्यांच्या पुढे आधी एक आकडा लागला,
मग आणखी एक, दोनचा.
शेवट तोच राहिला.

कीर्तिकर बाई गेल्या.
प्रसूतिगृहाच्या जागी गाद्यांचं दुकान आलं.
शहाण्णव मुका झाला,
आणि एकोणसत्तरवर
वर्षाकाठी दोन-तीन तरी फोन येतच राहिले.
एखाद्या आजीच्या जुन्या डायरीतून,
घाईत उलटे वाचलेले.

मग बिल्डिंग पाडायला निघाली.
आम्ही मुलुंडला, पूर्वेला, अकराव्या मजल्यावर.
आई म्हणाली, सामान काय न्यायचं ते तू ठरव,
नंबर मी नेते.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता.
"एक्सचेंज वेगळं, आजी. नंबर बदलणार."
"म्हणजे?"
"म्हणजे नवीन मिळेल."
"नवीन मागितलाच नाही मी."
दुसऱ्या कंपनीच्या माणसाने
तीन महिने फुकट देऊ केले, नंबर नाही.
मोबाइलचा नेता येतो, म्हणाला, हा नाही.

आईने पर्स मांडीवर घेतली.
"जो खिशातून गावभर हिंडतो, त्याला नेता येतं.
आणि जो चाळीस वर्षं एका स्टुलावर बसून राहिला,
त्याला नाही?
अरे, आमच्याकडे माणूस घर बदलायचा
तर पाकिटावरचा पत्ता खोडून
लाल शाईने नवा लिहायचो आम्ही.
पत्र जायचं. वेगळे पैसे नाही घेतले कधी."

मुलाने फॉर्म परत दिला.
कारणाच्या रकान्यात आईने लिहिलं होतं:
रात्री कुणाला गरज लागल्यास.

मुलुंडच्या घरात फोनसाठी भिंतीत
जागा होती; स्टूल बसलं नाही.
रोज दुपारी आई मोबाइलवरून
जुना नंबर लावायची.
हा क्रमांक अस्तित्वात नाही,
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत,
तिन्ही वेळा पुरतं ऐकून ठेवायची.
मी म्हटलं, आई, पुरे.
तिने मला हाताने गप्प केलं,
पलीकडची बाई अजून बोलत होती ना.

एका मंगळवारी कुणीतरी उचलला.
"फैजान कुरिअर."
आई उभी राहिली.
"बेटा, ये हमारा नंबर था."
"मेरेकू कंपनीने दिया, आंटी."
"रहने दो, रहने दो. अच्छा हुआ.
सिर्फ सुनो. कभी फोन आयेगा,
दवाखाना पूछेंगे. गुस्सा नहीं करनेका.
पहले पूछनेका, कितना मिनिट में आता है."
"क्या आता है? पार्सल?"

माझं हसू तोंडात अडलं.
आई सांगत राहिली, तिच्या पोस्टातल्या हिंदीत,
कळा म्हणजे काय, पाणी जाणं म्हणजे काय,
आता कुठलं हॉस्पिटल जवळ,
गल्लीत टॅक्सी आत येत नसेल तर
बाईला चालत कुठवर आणायचं.
तिकडून टेप फाडल्याचा आवाज येत होता,
खोक्यामागून खोकं.

मग तो आवाज थांबला.
"एक मिनिट, आंटी," तो म्हणाला,
"पेन लेता हूँ."